सॅक्सोफोनच्या ऑडिशनला नेमकं काय ऐकतात?

न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातल्या मराठी घरांत हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. मुलगी पाचवी-सहावीत शाळेच्या बँडमध्ये जाते आणि तिच्या हाती आल्टो सॅक्सोफोन येतो. आईबाबा कौतुकाने मार्चिंग बँडच्या स्पर्धांना थंडीत कुडकुडत बसतात. अकरावीत ती एक दिवस सांगते, "मला म्युझिक स्कूलला अप्लाय करायचंय." मग घरात शांतता. एसएटी कळते, प्रवेशाचा निबंध कळतो, रोबोटिक्सची पदकं तर चांगलीच कळतात. पण वाद्य घेऊन एका खोलीत शिरायचं, दहा-पंधरा मिनिटं वाजवायचं आणि त्यावर चार वर्षांचं ठरायचं, हे प्रकरण कुणालाच नीट उलगडत नाही. गणिताची शिकवणी लावता येते. याची कुठे लावायची?

अमेरिकेतल्या विद्यापीठांची पद्धत समोर ठेवून हे सगळं पहिल्यापासून बघू. तपशील शाळेगणिक बदलतात, पण सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

एक विद्यापीठ, दोन दारं

संगीताच्या पदवीसाठी साधारणपणे दोन प्रवेश लागतात. एक विद्यापीठाचा: गुण, निबंध, शिफारसपत्रं. दुसरा संगीत विभागाचा, तो ऑडिशनवर. एक दार उघडलं आणि दुसरं नाही, असं सर्रास होतं. उत्तम गुणांची मुलगी संगीत विभागात अडते, किंवा उलट.

दुसऱ्या दाराशी उभा असतो सॅक्सोफोनचा प्राध्यापक. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांच्या गटाला तिथे 'स्टुडिओ' म्हणतात. प्रत्येकाला तो दर आठवड्याला एकट्याने शिकवतो, त्यामुळे स्टुडिओत माणसं मोजकीच मावतात. यंदा किती जण पदवी घेऊन बाहेर पडणार, त्यावर यंदाच्या जागा ठरतात. एखाद्या वर्षी जागा दोनच असतात आणि तुमच्या मुलीचं वाजवणं कितीही चांगलं असलं तरी हे गणित तिच्या हातात नसतं. मोठ्या बँडला कोणता सॅक्सोफोन हवाय, आल्टो की त्याहून मोठा, खालच्या आवाजाचा बॅरिटोन, हेसुद्धा कधीकधी आड येतं.

हे ध्यानात आलं की ऑडिशनचं स्वरूप स्पष्ट होतं. पलीकडे बसलेला माणूस गुणपत्रिका भरतो खरा, पण मनात त्याचा प्रश्न वेगळाच चालू असतो: पुढची चार वर्षं दर आठवड्याला मी हिच्यासोबत एका खोलीत बसू का? हिला शिकवता येईल का? तयारीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या प्रश्नाशी ताडून पाहावा.

अंग पितळेचं, घराणं लाकडाचं

थोडं वाद्याबद्दल, कारण ऑडिशनच्या यादीतल्या विचित्र गोष्टी त्याच्या इतिहासातून आल्यात. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याची गणना लाकडी फुंकवाद्यांत होते, कारण आवाज निघतो तो तोंडाशी बांधलेल्या बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. तोवर सिंफनी ऑर्केस्ट्राच्या खुर्च्या ठरून गेल्या होत्या, त्यामुळे सॅक्सोफोनला तिथे कायमची जागा मिळालीच नाही. तो फ्रेंच लष्करी बँडांत गेला. पॅरिस काँझर्व्हेटरी या संगीतशाळेत स्वतः सॅक्सने १८५७ पासून लष्करी विद्यार्थ्यांना शिकवलं, पण १८७० मध्ये तो वर्ग बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला १९४२ साल उजाडलं. तेव्हा मार्सेल म्यूल तिथे प्राध्यापक झाले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सॅक्सोफोनचे प्राध्यापक म्हणून लॅरी टील यांची नेमणूक १९५३ ची.

म्हणजे विद्यापीठातलं सॅक्सोफोन-शिक्षण तसं कालपरवाचं आहे. व्हायोलिनच्या मुलांपुढे बाख ते ब्राम्स असा ढीग असतो. सॅक्सोफोनवाल्यांच्या वाट्याला विसाव्या शतकातलं संगीत आणि दुसऱ्या वाद्यांकडून उसनं घेतलेलं.

आणखी एक गोष्ट पालकांना हमखास चकवते. मुलगी कागदावरचा 'सी' वाजवते आणि बाबा पेटीवर पांढरी एक दाबतात, तर जुळतच नाही. आल्टोचा 'सी' ऐकू येतो तो काळी दोनचा. त्याहून मोठ्या टेनर सॅक्सोफोनचा 'सी' काळी पाचला लागतो. वाद्य बदललं तरी बोटं तीच राहावीत म्हणून केलेली ही सोय आहे. मुलगी बेसूर नाही.

यादीत काय काय असतं

शास्त्रीय (म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय) सॅक्सोफोनच्या ऑडिशनमध्ये साधारण चार गोष्टी मागतात.

पहिली, स्केल, म्हणजे ओळीने चढत-उतरत वाजवायची सरगम. बाराही मेजर, बहुधा पाठ, आणि 'पूर्ण पल्ल्यात'. याचा अर्थ सा ते वरचा सा इतकंच वाजवून थांबायचं नाही. त्या स्केलमध्ये बसणारा वाद्यावरचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर गाठून परत यायचं. सॅक्सोफोनचा नेहमीचा पल्ला कागदावरच्या खालच्या बी फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत, अडीच सप्तकांचा. शिवाय सगळे बारा अर्धस्वर ओळीने घेणारी क्रोमॅटिक स्केल. काही ठिकाणी मायनरही मागतात.

दुसरी, एट्यूड. तंत्राचा एखादाच प्रश्न हाताळणारी, पण गाण्यासारखी वाजवायची छोटी रचना म्हणजे एट्यूड. इथे फर्लिंगचं नाव वारंवार दिसेल. हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन ओबोवादक. त्याच्या ४८ एट्यूड ओबोसाठी लिहिलेल्या, एक संथ आणि एक द्रुत अशा जोडीने. ओबोचाही खालचा शेवट बी फ्लॅटच, त्यामुळे त्या सॅक्सोफोनच्या बोटांखाली अलगद बसल्या आणि इथेच राहिल्या.

तिसरी, एक किंवा दोन तुकडे, म्हणजे मैफलीत वाजवायच्या रचना. ग्लाझुनोव्हचा १९३४ चा कॉन्चेर्टो, इबेरचं १९३५ चं कॉन्चेर्टिनो, क्रेस्टनचा १९३९ चा सोनाटा ही नावं जिथेतिथे भेटतात.

चौथी, साइट-रीडिंग: कधीही न पाहिलेला कागद समोर ठेवतात, अर्धा मिनिट देतात, आणि वाजव म्हणतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चुकलेला सूर सुधारायला मागे जाणं. सूर चुकला तर चुकला, ताल सुटता कामा नये. रोज एक नवी ओळ, तीही सोपी, मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) लावून न थांबता वाजवली की दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. ऐन डिसेंबरात सुरू करून मात्र काही होत नाही.

मग सगळ्यात अवघड तुकडाच वाजवावा ना?

इथेच सर्वाधिक नुकसान होतं, आणि आपल्या घरांत जरा जास्तच, कारण 'कठीण पेपर घेतला म्हणजे हुशार' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इबेरमध्ये वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्याही वरचे सूर आहेत. ते किंचाळत, अर्धे चुकत वाजवणारी मुलं प्राध्यापकाने दिवसभरात ढिगाने ऐकलेली असतात. त्याला त्यातून कळतं एवढंच, की या मुलीला स्वतःचा अंदाज नाही.

उलट संथ एट्यूड घ्या. स्वयंपाकाला बाई ठेवायची तर तिला साधं वरण करायला सांगावं, पुरणपोळीने ती झाकली जाऊ शकते, असं जुन्या बायका म्हणायच्या, तसंच इथे. संथ ओळीत श्वास कुठे घेतलाय, सूर सुरू होताना 'टक्' असा ओरखडा येतो का, मिटताना घसरतो का, सगळं उघडं पडतं.

याचा एक नमुना सांगतो. आल्टोवर मधल्या सप्तकातला सी शार्प वाजवताना सगळी बोटं उचललेली असतात. त्याच्या लगेच वरच्या डीला मात्र सहाही बोटं खाली जातात आणि डाव्या अंगठ्याने सप्तकाची कळही दाबावी लागते. पहिला सूर मोकळा आणि जरा पोकळ, दुसरा भरलेला, शिवाय बऱ्याच वाद्यांवर थोडा चढाच. पियानोवर शेजारी असलेल्या या दोन सुरांमध्ये सॅक्सोफोनवर चांगली उंच पायरी आहे. ती ऐकू येऊ न देता ओलांडणं हे खरं कौशल्य, आणि तज्ज्ञ कानाला ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. त्यासाठी ग्लाझुनोव्ह लागत नाही.

तेव्हा महत्त्वाकांक्षी तुकडा महिन्यापूर्वीच बसला असेल तरच घ्यावा. नाहीतर एक पायरी खालचा घ्यावा आणि तो इतका वाजवावा की झोपेतून उठवलं तरी वाजेल. लिहिलेल्या वेगात छान वाजत नसेल तर वेग कमी करावा. मेट्रोनोमवर दहा आकडे कमी असल्याने कुणाची जागा गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. ताल डगमगल्याने जाते.

तानपुऱ्याचा उपयोग

अमेरिकन शिक्षक विद्यार्थ्यांना एकच सूर सतत चालू ठेवून त्यावर स्केल आणि लांब सूर वाजवायला सांगतात. आपल्याकडे हे सांगावंच लागू नये. घरात कुणाच्या तरी फोनवर तानपुऱ्याचं ॲप असतंच. मुलीने कागदावरची सी स्केल आल्टोवर घ्यायची तर तानपुरा काळी दोनला लावायचा, जी स्केल घ्यायची तर काळी पाचला. ट्यूनरची सुई बघून डोळे शिकतात, तानपुऱ्याने कान. खर्जाचा रियाज करणाऱ्यांना पुढचं सांगायला नको: सकाळी पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त लांब सूर, शून्यातून हळूहळू फुलवत न्यायचे आणि तसेच मिटवायचे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा खाली असतो. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांनी. ऑडिशनला साथीला पियानो असेल तर तो गंधार जरा चढा घ्यावा लागेल. म्हणून शेवटचे काही आठवडे पियानोसोबत काढावेत. साथीदारासोबत एकदाच, तेही आदल्या दिवशी बसणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही टांगणीला.

शास्त्रीय सॅक्सोफोनमध्ये सुराला जबड्याच्या हलक्या हालचालीने लाट देतात, तिला व्हिब्रॅटो म्हणतात. तो सहज यावा म्हणून आधी मोजून करतात: मेट्रोनोम ७२ ते ७६ च्या आसपास, एका मात्रेत चार लाटा. महिनाभर हे कंटाळवाणं आणि काहीसं हास्यास्पद ऐकू येतं. घरच्यांनी सोसावं.

रीड: आठवड्याला रडवणारी वस्तू

सॅक्सोफोन कितीही महागडा असो, आवाज ठरतो त्या बोटभर पट्टीवर. ती अरुंडो डोनॅक्स नावाच्या, बोरूसारख्या उंच गवताची असते आणि दक्षिण फ्रान्समधलं त्याचं पीक नावाजलेलं आहे. खोक्यावरचा २½, ३, ३½ हा आकडा तिचा कडकपणा सांगतो, दर्जा नाही. मोठ्या आकड्याची रीड वाजवणारी मुलगी पुढे गेलेली असते, हा शाळेच्या बँडमधला गैरसमज.

दहाच्या खोक्यात खरोखर चांगल्या तीन-चार निघाल्या तर नशीब. म्हणून एकच रीड मरेपर्यंत वाजवायची नाही. चार-पाचांवर क्रमांक टाकून आळीपाळीने वापरायच्या आणि ऑडिशनसाठी दोन-तीन राखून ठेवायच्या, नव्याकोऱ्या नव्हे, थोड्या मुरलेल्या. बांधताना रीडचं टोक माउथपीसच्या, म्हणजे तोंडात धरायच्या भागाच्या टोकाशी केसभराच्या अंतराने जुळलंय की नाही, ते उजेडाकडे धरून बघायचं. जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेत रीड वाकडी होते. ह्यूस्टनहून शिकागोला ऑडिशनला गेलेल्या मुलीला तिथे पोचल्यावर तीच रीड परकी वाटते, त्यात तिचा दोष नसतो.

वाद्य नवं घ्यावं का? बहुतेकदा आधी माउथपीस बदलून बघावा. सेल्मरचा एस८० सी-स्टार किंवा व्हँडोरेनचा एएल३ शास्त्रीयसाठी सर्रास वापरतात, आणि नव्या वाद्याच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा. त्यानंतर दुरुस्तीवाल्याकडे जावं. तो अंधाऱ्या खोलीत नळीत दिव्यांची दोरी सोडतो आणि भोकं झाकणाऱ्या गाद्यांच्या कडेने उजेड झिरपतोय का ते पाहतो. जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच हवा जाते. खालचे सूर निघत नाहीत म्हणून वर्षभर स्वतःला दोष देणाऱ्या मुलांची गळती अशी दहा मिनिटांत सापडते.

व्हिडिओची पहिली चाळणी

नावाजलेल्या शाळा प्रत्यक्ष बोलावण्याआधी व्हिडिओ मागवतात. याला प्रीस्क्रीनिंग म्हणतात. मुदत बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात. प्रत्येक रचना सलग, मध्ये कापाकापी न करता; चेहरा आणि बोटं दिसली पाहिजेत. त्यामुळे नवरात्र-दिवाळीचे आठवडे रेकॉर्डिंगचे असतात, हे मंडळाच्या कार्यक्रमांत नाव घालण्याआधी घरच्यांनी ठरवून टाकावं.

फोनमध्ये एक खोड असते: मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. मुलीने जीव ओतून केलेला चढ-उतार व्हिडिओत सपाट होतो. वेगळा साधा मायक्रोफोन घ्यावा, नाहीतर निदान ही आपोआपची सोय बंद करावी. खोली पडदे-गालिच्याची असली तर कोरडी, बाथरूमसारखी असली तर घुमणारी. चर्चचा किंवा शाळेचा छोटा हॉल मिळाला तर सोनं. आणि दिवसभरात विसावा टेक घेऊ नये. ओठ थकलेले ऐकू येतात.

प्रत्यक्ष दिवशी

तारखा बहुधा जानेवारी-फेब्रुवारीच्या. बाहेर बर्फ असेल तर वाद्य गाडीत ठेवू नये; थंड सॅक्सोफोन सुरात उतरतो आणि गरम व्हायला वेळ घेतो. खोलीत जाण्याआधी जी शार्पची आणि खालच्या सी शार्पची कळ एकदा उघडून बघावी. या गाद्या ओलाव्याने चिकटून बसतात आणि नेमक्या पहिल्या ओळीत दगा देतात. पातळ कागद गादीखाली धरून टिपून घेतला की सुटतात.

आत प्राध्यापक मधेच "थँक यू" म्हणून थांबवतो. मुलं बाहेर येऊन रडतात, आई कावरीबावरी होते. त्याचा अर्थ एवढाच की त्याला हवं ते ऐकून झालं आणि बाहेर रांग आहे. काही जण मात्र थांबवून सांगतात, "हीच ओळ जरा हळू घे," किंवा "हा श्वास तिकडे घे." ही ऑडिशनमधली सर्वांत मोलाची दोन मिनिटं. मुलगी ऐकून लगेच काही बदलते का, हेच त्याला बघायचंय. ठरवून आणलेलं तसंच पुन्हा वाजवणाऱ्या मुलीला शिकवणं कठीण जातं.

जमलं तर आधीच्या वसंतात किंवा उन्हाळ्यात त्या प्राध्यापकाकडून एक शिकवणी मागावी. विनंती मुलीने स्वतः ईमेलने करावी, बाबांनी नव्हे. यात वशिलेबाजी काही नाही, तिथली ती रीत आहे, आणि आपल्यालाही कळतं की या माणसाकडे चार वर्षं काढायची का.

जॅझचं काय?

ती वेगळी ऑडिशन. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने जॅझची पदवी १९४७ मध्येच सुरू केली, पण आजही अनेक शाळांत शास्त्रीय आणि जॅझ हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. माउथपीस वेगळा, आवाजाची कल्पना वेगळी. इथे बारा मात्राखंडांचा ब्लूज, एखादं संथ गाणं आणि एखादं द्रुत मागतात, आणि मुख्य म्हणजे त्यावर ऐनवेळी सुचलेलं वाजवायचं असतं. आपल्या ताना-आलापांवर पोसलेल्या कानाला वाटतं, हे तर आपलंच. फरक असा की खाली राग स्थिर नसतो. सुरांचे गट दर मात्राखंडाला बदलत राहतात आणि सुचलेलं त्यांच्याशी जुळावं लागतं. मोठ्या वादकांचे सोलो ऐकून, कागदाशिवाय, सुरासुराने उचलणं हाच यावरचा अभ्यास. गुरूच्या मागे गाणाऱ्यांना ही पद्धत परकी नाही.

भारतात बसून जमेल का?

जमतं. बऱ्याच शाळा परदेशी मुलांची ऑडिशन व्हिडिओवर घेतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षांमुळे स्केल आणि साइट-रीडिंगची सवय लागते, पण आठवी ग्रेड म्हणजे प्रवेश नव्हे. अडचण खरी आहे ती शास्त्रीय सॅक्सोफोन रोज कानावर न पडण्याची. गोव्यातले ब्राझ गोन्साल्विस, हिंदी चित्रपटांतले मनोहारी सिंग, कर्नाटक संगीतातले कद्री गोपालनाथ हा आपला सॅक्सोफोनचा वारसा अस्सल आहे, पण परीक्षक ऐकणार असतात फ्रेंच वळणाचा, गोळीबंद, लाटांचा आवाज. तो ऑनलाइन शिक्षकाकडून का होईना, वर्षभर आधी कानात भरून घ्यावा लागतो. गमक-मींड वाजवता येत असेल तर त्याची जागा स्वतःच्या निवडीच्या तुकड्यात किंवा गप्पांत. फर्लिंगमध्ये नको.

आणि पोटापाण्याचं?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईबाबांना संकुचित म्हणण्यात अर्थ नाही. ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनला कायमची खुर्ची नाही, हे वर आलंच. पूर्णवेळ पगारी जागा लष्करी बँडांत आणि विद्यापीठांत, दोन्हीकडे चुरस भयंकर. पण संगीत-शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत बँड शिकवणं ही अमेरिकेत रीतसर नोकरी आहे, आणि अनेक विद्यापीठांत संगीतासोबत दुसरा विषयही घेता येतो. घ्यायचा असेल तर आधी विचारून घ्यावं, कारण वादनाच्या पदवीचं वेळापत्रक फार घट्ट असतं. नुसतं वाजवत राहायचं असेल तर पदवीचीही गरज नाही. विद्यापीठांच्या बँडांत इंजिनिअरिंगची मुलं भरपूर असतात.

ऑडिशनवर शिष्यवृत्तीही ठरते, हे पालकांच्या बरेचदा उशिरा ध्यानात येतं. निकाल मार्च-एप्रिलपर्यंत येतात आणि होकार साधारण १ मेपर्यंत कळवायचा असतो. मधल्या आठवड्यांत दुसऱ्या शाळेने जास्त रक्कम देऊ केली असेल, तर पहिल्या शाळेला नम्रपणे तसं लिहून विचारायला काही हरकत नसते. ते ईमेल मुलीने लिहावं, पण हिशेब बाबांनी तपासावा.